खलाशांची पोथी: फँटसी मोहिमेसाठी नौकानयनाचं पुस्तक कसं तयार करावं

फँटसी रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो आणि गेम मास्टर त्यांच्यापुढे कथा मांडतो. त्यात पार्टीला, म्हणजे पात्रांच्या टोळीला, जहाज मिळालं की पहिल्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) सगळे खूश असतात. जहाजाला नाव ठेवलं जातं, डोलकाठीवर कोण चढणार यावरून भांडणं होतात. दोन-तीन सेशन्स झाली की अख्खा सागरप्रवास एका वाक्यात उरकतो: "पाच दिवसांनी तुम्ही बंदराला लागता." मग गेम मास्टरला वाटतं, काहीतरी रंगत आणावी. तो खजिन्यात 'खलाशांची मार्गदर्शिका' नावाचं पुस्तक टाकतो आणि त्याला दिशा शोधण्याच्या फाशावर +२ लावतो, म्हणजे पडलेल्या आकड्यात दोन मिळवायचे. खेळाडू तो आकडा कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, लिहितात. पुस्तक तिथेच बुडतं.

हा लेख नव्या गेम मास्टरसाठी आहे. एखाद्या खेळाडूला आपल्या नाखव्यासाठी असं पुस्तक मागून घ्यायचं असेल, तर त्यालाही चालेल. माझं म्हणणं एवढंच: ही पोथी फाशावर बोनस म्हणून देऊ नका. ती वाचावी लागली पाहिजे, तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागलं पाहिजे, आणि तिच्यातल्या माहितीमुळे टेबलावर निर्णय घ्यावे लागले पाहिजेत. काम एका संध्याकाळचं आहे.

आधी हे जवळ घ्या:

- तुमच्या समुद्राचा कच्चा नकाशा. अंतरांची मोजपट्टी हवीच, चित्रकला नसली तरी चालेल.
- त्या जगाचं साधं कॅलेंडर. चंद्र किती आणि त्यांची फेरी किती दिवसांची, एवढं पुरे.
- सहा ते आठ ठिकाणांची नावं: बंदरं, बेटं, खडक, दांडे (पाण्याखालचे वाळूचे उंचवटे).
- सहा बाजूंचा एक फासा आणि पडद्यामागे, म्हणजे खेळाडूंना दिसणार नाही अशी, ठेवायची एक चिठ्ठी.
- कोरी वही, किंवा दोऱ्यानं शिवलेले चार कागद.

१. आकाश आणि समुद्र आधी ठरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर अडकतात. पोथीत "ध्रुवतारा चार बोटं वर दिसेपर्यंत उत्तरेकडे जा" असं लिहायचं, तर तुमच्या जगाला ध्रुवतारा हवा. आपल्या पृथ्वीवर उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितका तुमचा अक्षांश. विषुववृत्ताजवळ तो क्षितिजाला टेकतो आणि त्याच्या दक्षिणेला दिसतच नाही. शिवाय तो अगदी ध्रुवावर बसलेला नाही. १५०० च्या सुमारास तो ध्रुवबिंदूपासून जवळजवळ साडेतीन अंश दूर होता, म्हणून त्या काळच्या खलाशांच्या पुस्तकांत किती अंश मिळवायचे आणि किती वजा करायचे याचे तक्ते असत. असा अर्ध्या पानाचा तक्ता पोथीत असला की ती लगेच खरी वाटू लागते. तो खेळाडूंनी समजून घ्यायलाच हवा असं नाही.

तुमचं जग सपाट असेल तर जपून. गोल पृथ्वीवर दूरच्या जहाजाचं आधी शीड दिसतं आणि मग खालचा सांगाडा. सपाट जगात तसं होणार नाही. ताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्याचं हे सोपं गणितही तिथे चालणार नाही. सपाट जग घ्यायला माझी हरकत नाही, मग पोथीत ताऱ्यांऐवजी वारे, प्रवाह आणि पक्षी यांच्यावर भर द्या.

चंद्राचं बघा. एक चंद्र असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग (सौम्य भरती), हे आपल्या ओळखीचं गणित जसंच्या तसं उचला. दोन चंद्र असले तर दोघे एका रेषेत येतील तेव्हा महाउधाण, आणि तेव्हाच फक्त अमुक खाडीत जहाज शिरू शकतं. एका ओळीत मोहिमेला मुदत मिळाली. तीन चंद्र करू नका. हिशोब तुम्हालाच ठेवायचा आहे.

होकायंत्र आहे का, तेही ठरवून टाका. असेल तर पृथ्वीवरही त्याची सुई सगळीकडे अचूक उत्तर दाखवत नाही, जागेनुसार ती कमी-जास्त कललेली असते. त्यामुळे "या बेटाच्या पश्चिमेला सुई वेडी होते" हे वाक्य पटण्यासारखं आहे, आणि त्यामागे काय दडलंय हे नंतर ठरवता येतं.

२. पोथी कोणी लिहिली?

दोन ओळींत उत्तर द्या: लिहिणारा कोण, आणि कोणासाठी लिहिलं. व्यापाऱ्यानं लिहिली तर तीत जकात, गोदामं आणि भाव येतील. चाच्यानं लिहिली तर लपायच्या जागा, आणि गस्तीचं जहाज कुठून वळतं ते. यात्रेकरूंना नेणाऱ्या नाखव्याच्या पोथीत गोड्या पाण्याच्या जागा सगळ्यात नेमक्या असतील.

खऱ्या इतिहासात अशी पुस्तकं फार जुनी आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक मार्गदर्शिकेत लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरं, तिथला माल आणि वाटेतले धोके ओळीनं दिले आहेत. भडोचच्या आखातात भरती-ओहोटी किती जोरदार आहे आणि राजाच्या चाकरीतले कोळी पुढे येऊन परक्या जहाजांना आत कसे नेतात, हेही त्यात आहे. नोंद कशी असावी याचा हा उत्तम नमुना: धोका काय, आणि त्यातून वाचवणारा माणूस कोण.

ही माहिती म्हणजे सत्ता होती हेही लक्षात ठेवा. पूर्वेकडच्या वाटा पोर्तुगीज जपून ठेवत. यान हुयखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. त्यानं गोळा केलेली पोर्तुगीज खलाशांची मार्गवर्णनं १५९५ मध्ये नेदरलँड्समध्ये छापली गेली आणि डच जहाजांना पूर्वेची वाट खुली झाली. तलवार न उपसता एका कारकुनानं हे केलं. तुमच्या मोहिमेत पोथी कोणाची तरी चोरलेली नक्कल असेल, तर तिचा मूळ मालक शोधत येणारच.

३. नोंदी लिहा

खरं काम इथे आहे. नवखे इथे नकाशाचं वर्णन लिहून ठेवतात: "बंदराच्या उत्तरेला बेट आहे, पूर्वेला जंगल आहे." खलाशी वर उडत नसतो. त्याला डेकवरून काय दिसतं, कोणत्या क्रमानं दिसतं आणि ते दिसल्यावर काय करायचं, हे लिहा.

एक नमुना देतो. ठिकाणं माझ्या मनातली आहेत, हवी तर घ्या.

"शेवाळबंदर. ईशान्येकडून येताना आधी पांढरा कडा दिसतो, मग त्याच्या मागे मोडका बुरूज. कडा आणि बुरूज एका रेषेत आले की ती रेषा धरून आत शिरा. बुरूज कड्याच्या डावीकडे सरकला तर तुम्ही वेताळदांड्यावर निघाला आहात. वाटेत पाणी सात वाव, तळाला काळा गाळ. शिशाला शिंपल्यांचा चुरा लागला तर तिथल्या तिथे वळा. नव्या चंद्राला भरती भर दुपारी. दक्षिणेचा वारा असता नांगर धरत नाही. गोडं पाणी देवळामागच्या झऱ्याला, पण झरा राखणाऱ्या म्हातारीला विचारल्याशिवाय घेऊ नये. वाटाड्याला पैसे आत पोचल्यावर."

यात काय काय आहे ते पाहा.

दोन खुणा एका रेषेत आणून शिरणं ही खरी आणि आजही वापरात असलेली पद्धत आहे. खेळात ती फार कामाची ठरते, कारण ती मोडता येते. बुरूज कोणी पाडला तर? धुकं असेल तर? शत्रूनं दुसरीकडे खोटा बुरूज उभा केला तर? खेळाडूंना हे आपोआप सुचतं.

शिशाचा ओळंबा हे दुसरं हत्यार. दोरीला शिशाचा लंबगोल तुकडा, तो पाण्यात सोडून खोली वावांत मोजायची. एक वाव म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरले की होतं तेवढं. शिशाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरत. तळाची वाळू, गाळ, शिंपले जे असेल ते चरबीला चिकटून वर येई आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येई. युरोपीय जहाजांवर दोरीला खुणा बांधलेल्या असत: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर तांबडं, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडांचा पोत वेगवेगळा, म्हणजे अंधारात नुसत्या हातालाही कळावं. रात्री, धुक्यात, दिवे विझवून शत्रूच्या खाडीत शिरताना एक खेळाडू ओळंबा टाकतोय आणि तुम्ही हळू आवाजात सांगताय, "तांबडं... पांढरं... चामडं, तीन पट्ट्या..." माझ्या टेबलावर राक्षसाच्या लढाईतसुद्धा इतकी शांतता कधी झाली नाही.

भरतीसाठी सोपा नियम पुरतो. प्रत्येक बंदरासमोर नव्या चंद्राच्या दिवशी भरती केव्हा ते लिहा आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला पाऊण तास मिळवा. शेवाळबंदराला नव्या चंद्राला दुपारी बारा, म्हणजे तीन दिवसांनी सव्वादोन. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. पाऊण तास हा ठोकताळा आहे, खरा फरक रोज पन्नास मिनिटांच्या आसपास असतो. खेळाला तेवढं चालतं, आणि खेळाडू स्वतः हिशोब करू शकतात हे जास्त महत्त्वाचं.

शेवटी प्रत्येक नोंदीत एक माणूस किंवा एक विचित्र गोष्ट ठेवा. झऱ्यावरची म्हातारी कोण, हे मलाही लिहिताना माहीत नव्हतं.

अशा सहा ते आठ नोंदी, प्रत्येकी सात-आठ ओळींच्या. याहून जास्त लिहिलं तर कोणी वाचत नाही.

४. खेळात तिचा उपयोग काय?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोल-प्लेइंग खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळत असाल तर नौकानयनाची हत्यारं त्यात आहेतच: किंमत २५ सोन्याची नाणी, वजन २ पौंड. ती वापरण्यात तरबेज असलेलं पात्र समुद्रावर वाट न चुकण्याच्या फाशात आपला प्रॉफिशिएन्सी बोनस (कौशल्याचे जादा गुण) धरतं. त्यामुळे पोथीलाही तेच काम देऊ नका. हत्यारं मोजतात, पोथी त्या मोजमापाचा अर्थ सांगते. माझे नियम असे:

नोंद असलेल्या वाटेवर: नाखव्यानं आधी तासभर पोथी वाचली आणि नोंदीत सांगितलेली खूण किंवा खोली खरोखर तपासली, तर वाट चुकण्याचा फासा टाकायचाच नाही. वाचलं नाही किंवा तपासलं नाही, तर नेहमीचा फासा. खेळाडूनं "मी ओळंबा टाकतो" असं तोंडानं म्हटलं पाहिजे.

उघड्या समुद्रात: इथे खरा इतिहास आयता नियम हातात देतो. तारा किंवा दुपारचा सूर्य पाहून अक्षांश काढणं खलाशांना जमत होतं. रेखांशानं मात्र शतकानुशतकं रडवलं. ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये त्यासाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसनच्या समुद्रावर चालणाऱ्या घड्याळाची जमैकाच्या सफरीवर परीक्षा व्हायला १७६१ उजाडलं. तोवर पूर्व-पश्चिम अंतर वेग, वेळ आणि दिशा यांवरून अंदाजानंच काढायचं. अंदाजातली चूक रोज साचत जाते.

म्हणून जमीन न दिसलेल्या प्रत्येक दिवशी गेम मास्टरनं पडद्यामागे सहा बाजूंचा फासा टाकावा. १ किंवा २ आले तर जहाज समजुतीपेक्षा दहा मैल पूर्वेला, ५ किंवा ६ आले तर दहा मैल पश्चिमेला, ३-४ ला काही बदल नाही. बेरीज चिठ्ठीवर ठेवा. खेळाडूंना अक्षांश बरोबर सांगा, रेखांश त्यांच्या समजुतीप्रमाणे. आभाळ भरून आलेलं असेल तर उत्तर-दक्षिणेसाठीही एक फासा. ओळखीचा किनारा दिसला की चिठ्ठी कोरी.

यातून एक छान पेच तयार होतो. जुने खलाशी आधी बेटाच्या अक्षांशावर पोचत, तेही मुद्दाम बेटाच्या एका बाजूला, आणि मग तो अक्षांश धरून सरळ बेटाकडे जात. लांबचा पण खात्रीचा रस्ता. सरळ गेलो तर चार दिवस वाचतात, पण बेट हुकू शकतं. पिंपात पाणी किती उरलंय? टेबलावर वाद सुरू झाला की तुम्ही आरामात चहा प्या.

सेशनमध्ये एकदा: खेळाडू विचारू शकतो, "याबद्दल पोथीत काही आहे का?" तुम्ही एक ओळ त्या क्षणी रचा आणि नंतर वहीत लिहून टाका. पोथी अशी वाढत जाते.

वेगाबद्दल एक सावधगिरी. त्याच पाचव्या आवृत्तीत शिडाच्या जहाजाचा वेग ताशी २ मैल आहे, म्हणजे रात्रंदिवस चाललं तर ४८ मैल. खरं जहाज चांगल्या वाऱ्यात याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातं. कोणताही आकडा घ्या, पण नकाशाची मोजपट्टी आणि पोथीतले दिवस त्याच आकड्यावर बेतलेले असू द्या. अंतरं जुळत नसतील तर खेळाडूंच्या लक्षात येतं.

५. चुका पेरा, पण न्यायानं

सगळं खरं असलेली पोथी दोन सेशन्सनंतर कंटाळवाणी होते. सगळं खोटं निघालं तर पुन्हा कोणी उघडत नाही. आठ नोंदींत दोन चुका हे प्रमाण मला बरं वाटतं.

चुका तीन तऱ्हेच्या ठेवता येतात. काळानं झालेल्या: दांडा सरकला, बुरूज पडला, झरा आटला. नकलेत झालेल्या: मूळ प्रतीत सतरा वाव, नक्कल करणाऱ्यानं सात लिहिलं. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ ची गफलत तर हाताशीच आहे. आणि मुद्दाम केलेल्या: लिहिणाऱ्याला ते बेट कोणी शोधू नये असं वाटत होतं.

नसलेलं बेट दाखवायलाही लाजू नका. ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रातलं 'सँडी आयलंड' १८७६ मध्ये एका देवमासे पकडणाऱ्या जहाजानं कळवलं होतं. २०१२ मध्ये एक ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तिथे गेलं, तर नुसता खोल समुद्र. तोवर ते बेट कितीतरी नकाशांवर टिकून होतं.

एक नियम मात्र पाळा. प्रत्येक चूक तपासणाऱ्या खेळाडूला जहाज आपटण्याआधी कळली पाहिजे: तळाचा गाळ वेगळा निघतो, पक्षी दिसायला हवेत ते दिसत नाहीत, शाईचा रंग एका ओळीत बदलतो. ज्यानं तपासलं त्याला फळ मिळालं नाही, तर पुढच्या वेळी कोणी ओळंबा टाकणार नाही.

६. किंमत आणि नासधूस

पाचव्या आवृत्तीत साधं पुस्तक २५ सोन्याच्या नाण्यांना आणि ५ पौंड वजनाचं आहे. एका किनाऱ्याची जुनाट पोथी तेवढ्याला द्या. गुप्त वाटेची पोथी बाजारात विकायला ठेवूच नका, ती उसनी मिळावी, चोरावी लागावी किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली नक्कल करावी लागावी.

कागद भिजतो. मेणकापडात गुंडाळली आहे का, हे एकदा विचारा. उत्तर काहीही असो, पुढच्या वादळात सगळ्यांना ते आठवेल. युद्धनौकांवरची गुप्त संकेतांची पुस्तकं शिशानं जड केलेली असत, शत्रू चढून आला की समुद्रात फेकायची आणि ती बुडायची. तुमच्या पोथीची पुठ्ठी शिशाची असेल तर ती फेकायचा निर्णय कोणाचा, हे पार्टीनं आधीच ठरवलेलं बरं.

जादूबद्दल माझं मत कडक आहे. आपोआप वाट दाखवणारी, स्वतःच दुरुस्त होणारी पोथी देऊ नका. तो जीपीएस झाला. फार तर एक पान असं ठेवा, जे फक्त चांदण्यातच वाचता येतं.

७. टेबलावर देताना

पोथी हातात द्या. छापलेलं पान चालेल, हातानं लिहिलेलं त्याहून बरं. प्रत्येक नोंदीखाली चार बोटं जागा कोरी सोडा आणि एक पेन्सिल जोडून द्या. काही खेळाडू स्वतःहून "येथे म्हातारी वारली, आता तिची नात पाणी देते" असं लिहू लागतात. त्यांच्या या ओळी पुढच्या सेशनला खऱ्या धरा.

फोनवरून खेळत असाल तर एकच सामायिक फाइल ठेवा आणि ती बदलायचा हक्क फक्त नाखवा झालेल्या खेळाडूला द्या. बाकीच्यांना काही हवं असेल तर त्यांनी त्याला विचारावं, जहाजावर विचारतात तसं.

आणि सगळ्या नोंदी एकदम देऊ नका. पहिल्या दिवशी तीन पुरेत. बाकीची पानं चिकटलेली आहेत म्हणून सांगा, ती सोडवायला कोमट वाफ आणि धीराचा हात लागेल.